वर थांबणारे

(ग्राप्पा डोंगराच्या पायथ्याचं एक गाव. रविवार सकाळ. ओर्नेला स्वयंपाकघरात, तिचा नवरा एलिओ सायकलवरून नुकताच आलेला.)

ओर्नेला : बूट बाहेर काढ आधी! आणि आज इतक्या लवकर कसा? पोलेंतासाठी मक्याचं पीठ अजून शिजायला चढवलंसुद्धा नाही मी.

एलिओ : मग! कार्बनची सायकल आहे. एका बोटावर उचलली जाते.

ओर्नेला : माहितीये. आठवडाभर सगळ्या गल्लीला बोटावर उचलूनच दाखवतोयस. घाट किती लवकर चढलास ते सांग.

एलिओ : दोन मिनिटं.

ओर्नेला : अगं बाई, दोन मिनिटं! आणि घरी आलास तासभर आधी. बाकीची अठ्ठावन्न कुठून आणलीस?

एलिओ : वर कॉफी घेतली नाही.

ओर्नेला : का? दानिलो आणि तुझी बाकीची सायकलवाली मंडळी कुठे होती?

एलिओ : पुढे गेली होती.

ओर्नेला : थांबले नाहीत? इतकी वर्षं वर मादोन्नाच्या मूर्तीजवळच्या कारंज्यापाशी थांबता तुम्ही. शेवटचा आल्याशिवाय कॉफीला कुणी तोंड लावत नाही.

एलिओ : शेवटचा मीच असायचो ना. तेव्हा म्हणायचे, ‘बिचारा एलिओ, सासऱ्यानं दिलेलं लोखंड ओढत येतोय, थांबा जरा.’ पोचलो की टाळ्या वाजवायचे. आज दानिलोनं खालीच सांगून टाकलं, ‘आता आमच्यापेक्षा हलकी आहे तुझी, आता कसली वाट बघायची?’ सगळे हसले. मीपण हसलो, गाढवासारखा.

ओर्नेला : मेला दानिलो! त्यानंच हे खूळ भरवलं तुझ्या डोक्यात.

एलिओ : त्याला कशाला बोलतेस? मलाच हौस. वाटलं, वजन सायकलचं आहे.

ओर्नेला : आणि निघालं कुणाचं?

एलिओ : माझं. माझ्या पोटाचं, माझ्या साठीचं. झालं समाधान?

ओर्नेला : नाही झालं. पुढच्या रविवारी बाबांची सायकल काढ. नळीन् नळी स्वतःच्या हातानं जोडून दिली होती त्यांनी तुला लग्नात. मी पुसून देते. बघू कसे थांबत नाहीत ते.

एलिओ : राहू दे.

ओर्नेला : राहू दे काय? तळघरातच आहे ना ती? एलिओ?

एलिओ : दुकानदार म्हणाला, जुनी दिलीत तर नवी जरा...

ओर्नेला : दिलीस.

एलिओ : आत्ता येताना तिकडूनच आलो, शप्पथ. परत मागायलाच. दुकान बंद होतं, पण काचेतून दिसली. भिंतीवर लावलीये. अर्धी.

ओर्नेला : अर्धी म्हणजे?

एलिओ : कापलीये मधून. पुढचं चाक आणि हँडल तेवढं ठेवलंय, शोभेला. ओर्नेला, शिव्या दे.

ओर्नेला : तिला रंग मी दिला होता. बाबांच्या शेडमध्ये, लग्नाच्या आदल्या आठवड्यात. हिरवे हात घेऊन चर्चमध्ये उभी होते, आई किती ओरडली होती.

एलिओ : चुकलं माझं. ऐक, पुढच्या रविवारी गाडी घेऊन वर येशील? नुसती कारंज्यापाशी उभी राहा. कुणीतरी असावं गं.

ओर्नेला : नाही.

एलिओ : इतकी वर्षं दर रविवारी खिडकीत उभी राहून माझी वाट बघायचीस की.

ओर्नेला : बघायचे. वळणावर आधी ती हिरवी दिसायची.