माझी पाठ दुखत नाही!

...आणि वर बायका मलाच विचारायच्या, "विद्याताई, खरंच दुखत नाही, की लपवताय?" लपवताय! जणू चोरीचं सोनंच! तुम्हीच सांगा, न दुखणं हा काय गुन्हा आहे?

तुम्हाला सांगते, आमची प्रांजली पाठीवर संशोधन करते. दोन मणक्यांमध्ये गादी असते ना, ती झिजते कशी, आणि झिजूनही काहीजण मजेत हिंडतात ते कसे, हे शोधते. तर आमच्या अलकनंदावन्सं म्हणतात, "इतकी शिकली आणि साधी गोळी लिहून देत नाही? कसली गं डॉक्टर!" म्हटलं, वन्सं, गोळी कुणीही देईल, ती का घ्यावी लागते ते माझी पोर शोधतेय! बसल्या कमरेला हात लावून.

आता, पाठ दुखणारे झाशीत हवे तेवढे. रिक्षानं लक्ष्मी गेटपर्यंत जाऊन या, संध्याकाळी तुम्हीही त्यांच्यात! अडलं ते न दुखणाऱ्यांपाशी. तुलनेसाठी पन्नाशीपुढच्या, पाठ न दुखणाऱ्या बायका हव्यात, एमआरआयच्या मशीनमध्ये झोपवून पाठीचा फोटो काढायला. नाही मिळाल्या तर काम बंद, पोरीची मेहनत पाण्यात! मी बाप्पापुढं चहा सोडला. हे म्हणाले, "अगं, कारलं सोड, चहा कशाला?" असा का नवस असतो?

पण रेल्वे कॉलनीत एक बाई कबूल होईल तर शपथ! राधाबाई म्हणे, "दुखत नाही म्हटलं की सून उद्यापासून भांडी माझ्यापुढं ठेवील!" शेजारची दुर्गाभाभी कानाशी येऊन, "दीदी, दुखत तो नइयाँ... पै काऊ सें कहियो नें, अम्माजी सुन लैहें!" म्हणजे दुखत नाही, पण हिची सासू ऐकेल म्हणून हिची पाठ दुखते! न दुखणं हा काय गुन्हा आहे?

मग आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. सगळ्यांच्या कपाळी कुंकू लावलं, ताट खाली ठेवलं आणि पदर खोचला. "ऐका गं! माझी पाठ दुखत नाही! मी त्या मशीनमध्ये जाणार! ज्यांची दुखत नाही त्यांनी हात वर करा, आणि कपाळी देवीचं कुंकू आहे, खोटं बोलाल तर बघा!"

एक म्हणाली, "मंगळसूत्र काढायला लावतात म्हणे..." म्हटलं, सोनाराकडे ओवायला देतेस तेव्हा कुठं असतं गं?

आणि दुर्गाभाभीचा हात वर! मग राधाबाईंचा. मग काय विचारता, हातच हात! गेलो सगळ्या, त्या नळीत झोपलो, डोक्यावरून मालगाडी गेल्यासारखी धडधड! पण पोरीचं काम वाचलं. बाप्पाला मोदक, मला चहा.

पण त्या दिवसापासून बघा... मंडळाच्या सतरंज्या कोण उचलणार? "विद्याताई! त्यांची दुखत नाही!" सिलेंडर सरकवायचा? विद्याताई! वन्संची ट्रंक माळ्यावरून? "वहिनी, तू तर ठणठणीत!" अहो, न दुखणं हा काय गुन्हा आहे?

आणि व्हायचं तेच झालं. काल उठले, तर कळ! डोळ्यांत पाणी घेऊन पोरीकडे गेले. म्हटलं, प्रांजली, दुखतेय गं पाठ.

तर नाचायलाच लागली! "आई, रुक रुक! पहिले दुखत नव्हती, आता दुखतेय? आणि पहिलेवाला फोटोपण आहे आपल्याकडे? अगं, असा माणूस ढूँढते ढूँढते लोकांची उमर जाते!"

म्हटलं, आनंद आहे बाई. आता जरा बाम लाव.

तर म्हणते, "आज नको ना, आई. आधी फोटो. मशीन सोमवारी मिळेल."

...बसलेय. दुखवत.