मोठे बाबा का थांबायचे

मंडळी, आणि समोर बसलेल्या मोठ्या आई,

या शोकसभेत उभी तर राहिले आहे, पण नीट बोलता येईल की नाही, सांगता येत नाही. शेषराव माझे मोठे बाबा. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माझ्याआधी जे जे बोलले, ते एकच बोलले: शेषराव रोज आमच्या दाराशी थांबायचे, विचारपूस करायचे. गजाननभाऊंनी सांगितलं, मोठे बाबा येताना दिसले की ते आपल्या हॉटेलातून ओरडायचे, "आली आमची लालपरी! हात दाखवा, बस थांबवा!" तुम्ही हसलात. मीही हसले.

आणि हसता हसताच ठरवलं, की घरातून जे बोलू नको म्हणून बजावलंय, ते बोलायचं. बरोबर करतेय का? अजूनही खात्री नाही.

मोठे बाबा थांबायचे, कारण त्यांना पुढे चालता येत नव्हतं.

चार घरं ओलांडली की त्यांच्या पोटऱ्या आवळून यायच्या. उभं राहिलं की दुखणं उतरायचं. मग पुढचं दार. आपल्याला वाटलं, माणसांचा लोभ. त्यांनी तसं वाटू दिलं. बीपीच्या गोळ्या वाढत गेल्या, बीपी उतरेना. दाब मोजला जायचा तो हाताला. पाय उन्हाळ्यातही गार असायचे, तिकडे कोण बघतो?

धाप लागली, अंगावर सूज आली, लघवी कमी झाली, तेव्हा नांदेडला नेलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला. हृदयातून निघून पोटातून खाली जाणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. आपल्या बोअरच्या पाण्यानं गुंडाच्या, म्हणजे हंड्याच्या आत पांढरा, टणक थर बसतो ना, तसा तिच्यात कॅल्शियमचा थर. रक्ताला वाट सुताएवढी. वर दाब, खाली तुटवडा. मूत्रपिंडांना रक्त पुरेना. आणि हृदय त्या अडलेल्या वाटेवर जोर लावून लावून थकलेलं. ऑपरेशन सोसण्याची ताकद तोवर राहिली नव्हती.

तिथे मी त्यांना विचारलं, "मोठे बाबा, म्हणजे तुम्ही पायांमुळे थांबायचात?"

म्हणाले, "पाय थांबत व्हते, पोरी. पण थांबल्यावर तोंड फिरवून उभं राह्याचं का इचारपूस कराची, थे तं माह्याच हाती व्हतं ना?"

तेव्हा गजाननभाऊ, तुमचं काही मी हिरावून घेत नाही. ती विचारपूस खरीच होती.

मग हे का सांगितलं? तिकडे खांबाला टेकून माझे बाबा बसलेत. प्रल्हादराव. बाबा, उठू नका. आज इकडे येताना तुम्ही पानठेल्याशी थांबलात. मग गिरणीपाशी. लोक म्हणाले, "भावावरच गेला." मी मागून येत होते. तुमचा हात पोटरीवर होता.

त्याआधी सकाळी घरी पायांचं विचारलं, तर केवढे भडकलात! "मले काय धाड भरली? कायले दवाखाना दवाखाना करून राह्यली? अन् सभेत भावाच्या पायाचं काढशीन, तं याद राख!"

काढलं, बाबा. रागवा.

दोघा भावांनी एकाच बंडलातल्या बिड्या ओढल्या. म्हणून तुम्हालाही तेच झालंय, असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. काही निघालं नाही, तर भर बाजारात माझी टर उडवा. पण पायाची नाडी एकदा बघू द्या. मोठ्या बाबांची बघितली, तेव्हा ती बोटाला लागत नव्हती.

आणि मंडळी, उद्यापासून माझे बाबा तुमच्या दाराशी थांबले, तर चहा जरूर पाजा. पण आधी विचारा, "पाय दुखून राह्यले का?"

आता मोठ्या बाबांसाठी थोडा वेळ सगळे गप्प राहू. बाबा, तुम्हीही. दवाखान्याला "नाही" म्हणायचं असेल, तर त्यांच्या फोटोकडे बघा आणि मग म्हणा.

माझं उद्याचं काम एकच आहे. पहिल्या गाडीनं बाबांना नांदेडला न्यायचं.