रेडिओवरचं मराठी

माझं नाव सुरेखा, आम्ही मूळचे नगरचे, बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, गाडी आली की बाबा आधी चाकाजवळ उलटा हात धरून बघायचे, तापलंय का, आणि ड्रायव्हर कितीही ओरडला तरी गाडी सोडायचे नाहीत, तर मी त्या बाबांची मुलगी. डिप्लोमा केला, विमानांच्या कामात शिरले, लग्नानंतर सिंगापूरला आले, तोआ पायोहला भाड्याचा फ्लॅट, नवरा आयटीत, मुलगी इरा इथल्याच शाळेत.

आता काम काय ते सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. आमच्या कंपनीकडे एक छोटं अंतराळयान होतं, बिनमाणसाचं, वर जाऊन परत यायचं आणि पुन्हा जायचं असं, पण तेव्हा नुसती चाचणी, विमानातून उंच नेऊन सोडायचे आणि ते तरंगत धावपट्टीवर उतरायचं. उतरलं की सगळे टाळ्या वाजवतात, आमचं काम तिथून सुरू. त्याच्यात विषारी इंधन, गळलं आणि छातीत गेलं तर माणूस संपला. म्हणून पहिली मी जायचे, अंगभर बंद सूट, पाठीवर हवेची टाकी, हातात वायू मोजायचं यंत्र, वारा पाठीवर घेऊन, आणि यंत्र शून्य दाखवेल तेव्हाच उजवा हात वर करायचा. मग माझ्याच तुकडीतले अझमान आणि स्यू हुआ गार हवेचा पाइप आणणार, आतली यंत्रं तापून जाऊ नयेत म्हणून. त्या दोघांना सूट नाही, साधे कपडे. माझ्या हाताकडे बघून ते पाऊल उचलायचे.

त्या दिवशी मांडवात बडे पाहुणे बसलेले, ऊन मी म्हणत होतं, आणि शेपटीजवळ माझं यंत्र वाजायला लागलं. थोडंच, पण शून्य नाही. मी थांबले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आमचे मॅनेजर पुण्याचे, ज्यांच्या घरी गणपतीला मी मोदक वळून दिलेत, ते रेडिओवर एकदम मराठीत, अगं सुरेखा, कर ना हात वर, एवढ्याशाने काय होतंय, आतलं सगळं जळेल, पाहुणे कंटाळलेत, आपल्या माणसाची लाज राख.

काय सांगू तुम्हाला, सूटच्या आत मला भीती नव्हती, संताप होता. रेडिओ सगळ्यांच्या कानात, पण मराठी कळणारे आम्ही दोघंच. अझमान पाइप धरून उभा, त्यालाही ऐकू येतंय, त्याला वाटलं असेल कामाचंच काहीतरी असेल. त्याच्याच कानात, माझ्या आईच्या भाषेत, त्याचा जीव मागितला ह्या माणसाने! मी मोठ्याने इंग्रजीत सांगितलं, वायू असताना हात वर कर म्हणतायत सर, मी करणार नाही, कुणी पुढे येऊ नका. शून्य यायला आणखी वीस मिनिटं लागली. तोवर पाहुणे गेले, आतली दोन यंत्रं तापून गेली, आणि खापर माझ्यावर.

संध्याकाळी सर म्हणाले, आपल्यातलं बोलणं चव्हाट्यावर आणलंस, इथे राहून काम करायचा तुझा जो पास, त्याच्या कागदावर सही माझी असते, विसरलीस का. आपल्यातलं? कसलं आपल्यातलं? मग चौकशी झाली, रेकॉर्डिंग लावलं, मला विचारलं, हे काय म्हणाले, मी शब्दन् शब्द सांगितला. माझा पास राहिला, सरांना दुसरीकडे हलवलं. पण इथल्या आपल्या मराठी बायकांनी मला व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढलं, म्हणे आपल्याच माणसाला परक्यांसमोर उघडं पाडलं. अझमान ह्यांना परका. असू दे, उघडं पाडलं तर पाडलं.

अजून पहिली मीच जाते. परवा बिशानला सर भेटले, हसून म्हणाले, काय सुरेखा, कशी आहेस? मी इंग्रजीत म्हटलं, फाइन, थँक यू, आणि पुढे निघाले. इराने हात ओढला, इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून म्हणाली, अंकल मराठी लाह, मग तू इंग्लिश का? मी म्हटलं, बाळा, तू सगळ्यांशी मराठी बोल, देव तुझं भलं करो, पण ह्या माणसाशी मी चारचौघांना कळेल असंच बोलणार.