काकाचा पोपट आणि माझी फुप्फुसं

काकानं केलं हे! पहिल्या वाक्यातच नाव घेतो, मागाहून कुणी म्हणायला नको की बिचाऱ्याचं नशीबच वाईट. नशीब कसलं वाईट? कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराला पोहण्याच्या तलावावर जीवरक्षकाची नोकरी मिळत होती हो! शनिवारी चाचणी, तळाशी टाकलेला रबरी माणूस एका दमात वर आणायचा, बास. आणि दम माझ्याकडे होता. दुसरं काही नसेल, पण दम होता!

काका म्हणजे बाबांचा मोठा भाऊ. स्वतःच्या घराला रंग लावतोय म्हणून आमच्याकडे चार दिवसांसाठी आला, एक बॅग, एक पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. रंग वाळला, पोपडे धरायची वेळ आली, काका काही हलेना! पिंजरा टांगला कुठे? माझ्या पलंगावर, बरोबर उशीच्या वर. का? तर "पोपटाला खिडकी लागते." मला कशाला लागेल, मी शिकत नाही, कमवत नाही! रोज सकाळी काका पिसांच्या झाडणीनं पिंजरा झाडणार, तोही कोरडा, आणि वाळलेली विष्ठा, पिसांची भुकटी, सगळं खाली माझ्या नाकातोंडात. म्हटलं, अहो काका, निदान पाणी तरी शिंपडा. "ओलीनं त्याला सर्दी होते रे." त्याला!

मग मला ताप आला. डोकं फुटतंय, खोकला कोरडा, छातीत कुणी कुलूप घातल्यासारखं. म्हटलं, ही त्या धुळीची कृपा. तर काका पिंजऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "त्याच्यामुळे? अरे, बघ, पोपट ठणठणीत आहे!" आणि काढला त्यानं डबा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात घरादाराच्या उरलेल्या गोळ्या. "ही घे, तुझ्या आत्याची दाढ सुजली होती तेव्हाची आहे." बाबा लगेच, "घे, घे. दादा जन्मभर औषधांच्या दुकानात होते." होते ना... गल्ल्यावर! सुट्टे पैसे देता देता डॉक्टर झाला हा माणूस!

दाढेच्या गोळीनं छाती बरी होते का? नाही झाली. शेवटी आई मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न काय, "घरात पक्षी आहे का?" आई म्हणाली, "आहे, पण पोपट ठणठणीत आहे हो!" बाई म्हणाल्या, "असेलही. क्लॅमिडिया म्हणून जंतू असतो, त्याची एक जात पक्ष्यांत राहते. पक्षी धडधाकट दिसतो आणि धुळीतून जंतू माणसाच्या छातीत जातो." मग त्यांनी कागदावर एक गोल काढला. ही म्हणे माझी पेशी. जंतू येतो तेव्हा छोटासा, गुमान. दाराशी चिकटतो, आणि पेशी स्वतःच त्याला आत घेते! बाहेर त्याला वाढता येत नाही, सगळा खेळ आत. आत गेला की पेशीच्याच पडद्याची वेगळी खोली करतो आणि अशी नाकेबंदी करतो की पेशीची पचवणारी रसायनं तिथवर पोचतच नाहीत. मग ऐसपैस पसरायचं, पेशीच्याच ताटातलं खायचं, एकाचे दोन, दोनाचे चार, शेकडो झाले की पुन्हा छोटे होऊन घर फोडून बाहेर, शेजारच्या पेशीच्या दाराशी!

मी म्हटलं, "बाई, हा जंतू नाही, हा माझा काका आहे!" आईनं चिमटा काढला, पण नाही कुठं म्हणाली?

बाईंनी पेशीच्या आत पोचणाऱ्या गोळ्या दिल्या. बजावलं, बरं वाटलं तरी सगळ्या संपवा, आणि पोपटालाही त्याच्या डॉक्टरकडे न्या.

दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी बघतो तर गोळ्या गायब! कुठे? डब्यात! काका म्हणतो, "ताप गेला ना? मग पुरे. उरलेल्या कुणाच्या तरी कामाला येतील." मी ओरडलो, तर बाबा म्हणतात, "मोठ्यांशी असं बोलतात?" आणि डबा काकाच्या कपाटात, किल्ली जानव्यासारखी त्याच्या गळ्यात! तेवढ्यात घड्याळाचा गजर वाजला. काका उठला, ड्रॉपर भरला, पोपटाच्या चोचीत त्याच्या डॉक्टरनं दिलेलं औषध सोडलं आणि माझ्याकडे वळून म्हणतो कसा, "कोर्स मध्येच सोडायचा नसतो, बरं का!"

पोपटाला!

शनिवारी मी उडी मारली. तळाशी पोचलो, रबरी माणसाच्या काखेत हात घातला... आणि खोकला आला. पाण्याखाली खोकून बघितलंय कधी? बघू नका. माझ्या मागच्या नंबरच्या उमेदवारानं उडी मारून मला बाहेर काढलं, परत बुडी मारून तो रबरीही काढला. तलावाच्या साहेबांनी त्याला तिथल्या तिथे नोकरीवर घेतलं. घेणारच, दोन माणसं वाचवली ना त्यानं, त्यातला एक तर खरा!

पुढे बाईंनी नव्या गोळ्या दिल्या, त्या मी उशीच्या खोळीत लपवून शेवटच्या गोळीपर्यंत घेतल्या. छाती मोकळी झाली. काका म्हणतो, "बघ! उगाच घाबरवत होते." पिंजरा अजून माझ्या उशीवर, काका मुक्कामाला, पोपट ठणठणीत.

तलावावर जागा एकच होती. ती गेली.