शांभवीच्या वहीतला अर्थ

अण्णाप्पा : वही काढ.

शांभवी : आत्ता? दवाखान्याच्या दारात, अप्पा?

अण्णाप्पा : मागाच्या खडखडाटात दोन वर्सं तुझं पाठांतर घेतलंय की. हितं तर नुसत्या रिक्षा वाजायल्यात. तुझी अव्वा च्या आणाय गेलीया, तवर चार शब्द हुतील. दे.

(राजारामपुरीतल्या दवाखान्याबाहेरचा बाक. शांभवी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मांडीवर विणकर बापाच्या तपासणीचा लिफाफा. आई रत्नव्वा चहा आणायला गेलेली. ती पिशवीतून वही काढून त्याच्या हातात देते.)

अण्णाप्पा : हेपॅटिक.

शांभवी : यकृताचं. यकृताशी संबंधित.

अण्णाप्पा : बरोबर. बिनाइन.

शांभवी : साधी गाठ. जिवाला धोका नसणारी, आपली जागा न सोडणारी.

अण्णाप्पा : ‘जागा न सोडणारी’ वहीत न्हाय. पर झ्याक बोललीस. आता ह्यो. मेटास्टॅसिस.

शांभवी : तो… तो अजून शिकवला न्हाय.

अण्णाप्पा : पान एकावन्न. मला वाचाय यावं म्हणून बाळबोधीत लिवलंयस. तुझंच अक्षर हाय.

शांभवी : सूज, अप्पा. यकृतावरची सूज. औषधानं उतरती.

अण्णाप्पा : चूक.

शांभवी : अप्पा…

अण्णाप्पा : मघाशी डॉक्टर तुझ्यासंगं इंग्रजीत बोलला. कबनूरचा मागवाला, ह्येला काय कळतंय, म्हणून. त्येचं काय न्हाय, त्यो परका माणूस. पर तू? दोन वर्सं हे शब्द कोण तपासतंय, तू तरी इसरायचं न्हवतं.

शांभवी : इसरलो. खरंच इसरलो, अप्पा.

अण्णाप्पा : ह्याच शब्दावनं आपलं भांडण झालंतं. तू लिवलंयस, ‘गाठ मूळ जागेवरून रक्तातून जाऊन दुसऱ्या अवयवात रुजणे.’ मी म्हटलं, रुजणं जोंधळ्याला म्हणावं. असल्या वंगाळ गाठीला कशाला एवढा चांगला शब्द?

शांभवी : आत्ता खोडतो. द्या ती वही.

अण्णाप्पा : खोडू नगं. आता पटलंय मला. आत काय तरी रुजल्यागतच वाटतंय.

शांभवी : नका की असं बोलू.

अण्णाप्पा : आगं, कांडीतलं सूत सरत आलं की मागात हिकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्याचा आवाज पातळ हुतोय. मागवाल्याला वाकून बघाय लागत न्हाय. किती दिस म्हणाला?

शांभवी : चार म्हैने. लई झालं तर सहा.

अण्णाप्पा : आणि परीक्षा?

शांभवी : मे म्हैन्यात. पर मी न्हाय बसणार. उद्याच हॉस्टेल सोडून घरी येतो.

अण्णाप्पा : येऊन काय करणार? मागाम्होरं बसून रडणार? अव्वा कांड्या भरताना काय म्हणती तुझी? ‘सूत सरतंय, सरू दे, येल मांडवा चढू दे.’ सांग, वहीतली किती पानं ऱ्हायल्यात?

शांभवी : चाळीस.

अण्णाप्पा : दर शनवारी वही घिऊन ये. हुतील चाळीस.

शांभवी : आणि न्हाय झाली तर?

अण्णाप्पा : तर ऱ्हायलेली माझ्या फोटोला म्हणून दाखीव. पर चुकलीस तर तितनं बी वराडीन… डोळं पूस. अव्वा आली.

शांभवी : तिला काय सांगायचं?

अण्णाप्पा : मघाशी तूच सांगितलंस की. चांगला अर्थ हाय. वहीत नसंना.

रत्नव्वा : धरा च्या. शेजारच्या गाड्यावर गर्दी, म्हणून पार कोपऱ्यापतुर गेलतो. काय निघालं ओ कागदात?

अण्णाप्पा : सूज हाय. औषधानं उतरती.

रत्नव्वा : तुमचं ऱ्हाऊ द्या. शांभवे, तू शिकल्याली हाईस. तू सांग.

शांभवी : सूजच हाय, अव्वा. औषधानं उतरती.

रत्नव्वा : दोन वर्सं कांड्या भरत ऐकतोय मी. तुमचं बापलेकीचं एका शब्दावर कवा जमलं न्हाय.

अण्णाप्पा : आज जमलं.

रत्नव्वा : व्हय. आज जमलं… कप दोनी हातानं धरा. सांडायलाय.