शनिवारचा तो आवाज

अध्यक्ष रावसाहेब, वाचनालयाचे सभासद, पासलीहून आलेली गणपतरावांच्या घरची माणसं, आणि बाहेर व्हरांड्यात उभी असलेली मुलं, सगळ्यांना माझा नमस्कार.

मुलांचं नाव मी मुद्दाम घेतलं. त्यांना आत का घेतलं नाही, असं मी आल्या आल्या विचारलं. उत्तर मिळालं, "गुरुजी, शोकसभा आहे, गडबड नको." तेव्हा मी गप्प बसलो. आता बसणार नाही.

माझ्यानं धड बोलवेल की नाही, ठाऊक नाही. सगळा जन्म शाळेत बोलण्यात गेला, पण आजचं बोलणं वेगळं आहे. चार ओळी लिहून आणल्या होत्या. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, वगैरे. घरी वाचून पाहिल्या, तर त्या गावातल्या कुणाही माणसावर चालतील अशा निघाल्या. तेव्हा तो कागद खिशातच राहू दे.

सोमवारी आपल्या मंडळाची बैठक आहे. मागच्या बैठकीतला ठराव तिथं पक्का व्हायचा आहे. शनिवारचा मुलांचा कार्यक्रम यापुढं बंद, असा तो ठराव. त्या ठरावात एक वाक्य खोटं आहे. ते माझ्या हातचं आहे, कारण चिटणीस मीच. ते वाक्य कसं लिहिलं गेलं, एवढंच मला आज सांगायचं आहे. रावसाहेब, जरा धीर धरा. मला थांबवू नका.

गणपतराव इथं शिपाई म्हणून आले, ग्रंथपाल झाले, हे तुम्ही जाणता. पण ते या वाचनालयात पहिल्यांदा कधी आले, हे किती जणांना माहीत आहे? तेरा वर्षांचे असताना. पासलीहून डोंगर उतरून एका दुकानात कामाला आले होते. त्या खिडकीपाशी उभे राहायचे. मला एकदा म्हणाले, "गुरुजी, हितनं कपाटं दिसायची. आत पाय ठिवला, तर हाकललं. पोरासोरांचं काम न्हाई म्हनले. मोठा झालो, तवा आत आलो, पर तवर वाचायची उमेद निम्मी गेल्याली."

धड लहान नाहीत, धड मोठी नाहीत, अशी मुलं. त्यांना आपण कुठं बसवायचं? घरी ओसरीवर मोठी माणसं, अंगणात लहान पोरं. ही मधली मुलं नदीच्या घाटावर बसून राहतात, आणि मग आपणच म्हणतो, पोरं वाया चालली. गणपतराव म्हणाले, "शनवारी दुपारनंतर दोन तास त्यांना द्या."

मंडळानं परवानगी दिली. कार्यक्रम मी आखला. हसू नका, खरंच मी आखला. एका विद्वान गृहस्थांना बोलावून सदाचारावर व्याख्यान ठेवलं. अर्ध्या तासात तीन मुलं झोपली आणि बाकीची मागच्या दारानं पसार झाली. गृहस्थ डोळे मिटून बोलत होते, म्हणून बरं. त्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

मी चिडलो. म्हटलं, "या कार्ट्यांना काही नको असतं." गणपतराव म्हणाले, "त्यास्नी काय हवं, ते आपुन इचारलं कुठं?"

आणि त्यांनी विचारलं. वर्तमानपत्रांच्या वेष्टनांच्या उलट्या बाजूला मुलांकडूनच लिहून घेतलं. कुणाला कोडी हवी होती, कुणाला भुताच्या गोष्टी. हौसानं लिहिलं होतं, "कपाट उघडं ठेवा, आमी आमच्या हातानं पुस्तक काढू." हौसा बाहेर उभी आहे. तिनं तेवढंच मागितलं होतं. आपल्याकडं कपाटाला कुलूप आणि मागणीला चिठ्ठी. गणपतरावांनी शनिवारी कुलूप काढलं. ते अर्धी गोष्ट वाचायचे आणि पुस्तक मिटून कपाटात ठेवायचे. पुढचं ज्याला हवं, त्यानं शोधून वाचावं. पुढच्या शनिवारी त्या शेवटावरून अशी भांडणं व्हायची, की ऐकत राहावं.

आवाज व्हायचा. मी नाकारत नाही. आतल्या खोलीत वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना त्रास व्हायचा. त्या भिंतीवर 'शांतता राखावी' अशी पाटी आहे. गणपतराव शनिवारी ती भिंतीकडं तोंड करून उलटी लावायचे आणि दोन तासांनी सुलटी करायचे. त्या उलट्या पाटीवरून सगळं पेटलं. तक्रार झाली. मंडळानं बजावलं, की पाटी उलटी करायची नाही, आणि एकदा जरी आवाज ऐकू आला तरी कार्यक्रम बंद.

दुसरा कुणी असता, तर गाशा गुंडाळला असता. या माणसानं मुलांना गोळा केलं आणि विचारलं, "आवाज न करता काय काय करता येतंय, सांगा." त्यातून तो मुका शनिवार निघाला. ओठ हलवायचे नाहीत. नकला करायच्या, आणि ओळखणाऱ्यानं फरशीवर खडूनं उत्तर लिहायचं. एवढी मुलं, आणि नुसती पावलांची सळसळ. मी मधल्या दाराशी बसलो होतो. कशासाठी? आवाज होतो का, ते पाहायला. मंडळानंच मला तसं सांगितलं होतं.

एका गटानं आपलंच वर्तमानपत्रांचं टेबल उभं केलं. एक जण पेपर वाचतो आहे, दुसरा मान लांब करून उलट्या बाजूनं वाचतो आहे, तिसऱ्याला डुलकी लागली आहे. मग हौसा आली. खांद्यावर उपरणं. कमरेची डबी काढली, झाकणावर दोनदा टिचकी मारली, चिमूट नाकाशी नेली. शिंक येऊ घातली. तोंड उघडलं, आणि समोर पाटी दिसली. तिनं नाक धरलं. शिंक काही थांबेना. डोळे पांढरे झाले, गुडघे वाकले, पाटीला हात जोडले, तरी शिंक नाकातच.

मंडळी, तो मी होतो. माझीच डबी, माझीच टिचकी. इतकी वर्षं रोज आरशात पाहतो, पण मी असा दिसतो, हे मला त्या पोरीनं दाखवलं.

मी हसलो. गालात नाही. खो खो करून हसलो. हातातली डबी सांडली, तपकीर नाकात गेली, आणि लागोपाठ शिंका सुरू झाल्या. मुलांपैकी एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. सगळी तोंडावर हात दाबून उभी होती.

आतून रावसाहेबांनी विचारलं, "आवाज कुणाचा?"

मुलांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. का? भ्यालो. चिटणीस म्हणून पहारा द्यायला बसवलेला माणूस, आणि मीच हसलो, हे कुठल्या तोंडानं सांगू, असं वाटलं. मग गणपतराव दाराशी आले आणि म्हणाले, "माजा व्हता, सायेब."

तेवढंच. माझ्याकडं त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दोन दिवसांनी बैठक झाली. ठराव मी माझ्या हातानं लिहिला. "ग्रंथपालांनी स्वतःच शांततेचा भंग केला." लिहिताना हात कापला असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही कापला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं आहे. वही तिथं आहे, पाहून घ्या.

बैठकीनंतर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "गणपतराव, तुम्ही असं का केलंत?" ते पुस्तकांवरची धूळ झटकत होते. म्हणाले, "गुरुजी, तुमी हसला, ते लई ब्येस झालं. हौसा दोन दिस नाचतीया, गुरुजी हसले, गुरुजी हसले म्हनून." मी म्हटलं, "पण कार्यक्रम बंद झाला." तेव्हा त्यांचा हात थांबला. म्हणाले, "व्हय. ते मातर लागलं."

मी म्हणालो, पुढच्या बैठकीत खरं सांगतो. ते हसले आणि पुन्हा धूळ झटकू लागले. त्यानंतर त्यांना ताप भरला, घरच्यांनी पासलीला नेलं, आणि आठवड्यात बाजाराला आलेल्या माणसानं ते गेल्याचा निरोप आणला.

त्या ठरावानं माणूस गेला, असं मी म्हणत नाही. ताप तापच असतो. पण ते माझ्या खोट्याचं ओझं घेऊन गेले, हे खरं आहे. आणि मला त्याची लाज वाटते. आज त्यांच्या पत्नी समोर बसल्या आहेत. वहिनी, तुमच्या मालकांच्या नावावर जे लिहिलं आहे, ते त्यांनी केलं नव्हतं. मी केलं होतं.

आता सांगा, रावसाहेब. मुलांनी अट पाळली होती. मोडली ती मी. मग शिक्षा कुणाला? सोमवारी ठराव वाचाल, तेव्हा ते वाक्य खोडा आणि तिथं माझं नाव घाला. चिटणीसपद काढून घ्या. शनिवारी दोन तास मला पेपर मिळाला नाही, तरी चालेल. पण मुलांचा शनिवार परत द्या.

अशा सभेच्या शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात. तसं आपणही उभं राहू. पण त्या मुक्या शनिवारी मुलांनी गणपतरावांसाठी एक खूण ठरवली होती. त्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती, म्हणून ते दोरी बांधायचे आणि सारखी कानामागं सारायचे. तीच खूण. उजवा हात कानामागं. आज त्यांना निरोप देताना सगळ्यांनी तीच खूण करावी, अशी माझी विनंती आहे. येत नसेल, तर मुलं दाखवतील. हौसा, सगळ्यांना घेऊन आत ये. अगदी पुढं या.

आणि ती दोन मिनिटं संपली, की मी ती पाटी उलटी करणार आहे. आज शनिवार आहे, चार वाजत आले आहेत. त्यानंतर या खोलीत जो काही आवाज होईल, तो माझ्या नावावर लिहा.

उठा.