देवीचा डोळा

फिलाग्रोस : भट्टी नीट निवली ना? आधी हात घालून बघ.

मेलितो : निवली हो. विटासुद्धा काढल्या. तीस वर्षं तुमच्या भट्ट्या उघडतेय, आज शिकवू नका.

फिलाग्रोस : भट्टीवरचं ते मातीचं राक्षसाचं तोंड काढलंस?

मेलितो : राहू दे ते. अथेन्सच्या कुंभारवाड्यात दृष्ट लावणारे काय थोडे आहेत? हं, हा घडा. दोन्ही हातांनी धरा... अगं बाई!

फिलाग्रोस : तडकला?

मेलितो : नाही हो! आत जाताना सगळं मातकट होतं, चिखलावर चिखल. आता काळं असं चकाकतंय की माझं तोंड दिसतंय त्यात. आणि त्या काळ्यातून अथीना बाहेर आलीय. तांबडी, भाला टेकून उभी. अंगावर काटा आला बघा माझ्या.

फिलाग्रोस : आणि चेहरा? खरं सांग. दुपारी देवळाची माणसं न्यायला येतील. डोळे पुरते जायच्या आधीचं हे माझं शेवटचं काम. बिघडलं असेल तर आत्ताच फोडतो. वर टेकडीवर देवीसमोर शोभा नको.

मेलितो : काही बिघडलेलं नाही. द्या इकडे, पुसून ठेवते.

फिलाग्रोस : एवढी घाई कसली? भाजल्यावरही रेघ उंच राहते, बोटाला लागते. हे शिरस्त्राण, माझंच. हे नाक... इथे रेघ हललीय माझी. ही हनुवटी...

मेलितो : पुरे झालं आता.

फिलाग्रोस : थांब. हा डोळा. मेलितो, ही रेघ माझी नाही.

मेलितो : काहीतरीच तुमचं!

फिलाग्रोस : बोटांना फसवू नकोस. एका श्वासात ओढलेली आहे ही. कुणी ओढली?

मेलितो : जागा कोरी होती हो. तुम्ही हात फिरवलात, पण कुंचल्यातला रंग संपला होता. ‘झाला डोळा’ म्हणालात आणि किती दिवसांनी हसलात. कोणत्या तोंडानं सांगणार होते? भट्टीत ठेवायच्या आधी मीच काढला. जन्मभर तुमचा रंग घोटला, रेघ कधी ओढली नव्हती. फोडायचा तर फोडा. पण तिला डोळ्यावाचून वर पाठवायला माझं मन होईना.

फिलाग्रोस : हा डोळा पुन्हा एकदा चाचपू दे.

मेलितो : अहो, रागावलात?

फिलाग्रोस : बोट उचलवत नाहीये गं. इतक्या देव्यांचे डोळे काढले मी. एकीनंही माझ्याकडे असं पाहिलं नाही.

मेलितो : रडताय की काय? वेडे कुठले.

फिलाग्रोस : खिळा आण. बुडाशी माझं नाव आहे, शेजारी तुझं कोरायचं.

मेलितो : बाईचं नाव? सगळी आळी हसेल.

फिलाग्रोस : हसू दे. जिच्या दारी जायचं, ती बाईच आहे.

मेलितो : अहो, पण मला माझं नाव लिहिता कुठे येतं?

फिलाग्रोस : हात दे इकडे. मी धरतो.